पडद्यामागील माणसाचा हिशेब

दर वर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्या घटनेचे हे स्मरण. ठिकठिकाणी नटराजाचे पूजन होते, ज्येष्ठ नटनट्यांचे सत्कार होतात, आणि भाषणाच्या ओघात एखादा वक्ता ‘पडद्यामागच्या कलाकारांनाही विसरून चालणार नाही’ असे एक वाक्य उच्चारतो. त्या वाक्याला टाळ्या पडतात. पुढच्या वर्षी तेच वाक्य पुन्हा उच्चारावे लागते, यावरून मधल्या काळात काय झाले असेल ते समजते.

ज्या भाव्यांच्या नावे हा दिवस पाळला जातो, ते केवळ पदे रचणारे कवी नव्हते. लाकडी बाहुल्या स्वतःच्या हाताने घडविणारे ते कारागीर होते. पदे रचावयाची, पात्रांकडून तालमी करून घ्यावयाच्या आणि मंडळी घेऊन गावोगाव हिंडावयाचे, ही सारी कामे त्यांनी केली. लेखक, दिग्दर्शक आणि कामाठी अशी विभागणी आपल्या रंगभूमीच्या आरंभी नव्हती. त्याही मागे जावयाचे तर भरतमुनींचे नाट्यशास्त्र पाहावे. नाट्यमंडळीत कोण कोण असतात हे सांगताना भरतमुनी सूत्रधार, नट आणि विदूषक यांच्यापाशी थांबत नाहीत. मुकुट करणारा, आभरणे घडविणारा, माळा गुंफणारा, वेष सिद्ध करणारा, चित्रे काढणारा, वस्त्रे रंगविणारा रजक, लाकूड-दगडाची कामे करणारा कारुक, या सर्वांची ते त्याच यादीत गणना करतात आणि प्रत्येकाचे काम काय तेही सांगतात. त्यांच्या लेखी हे सारे मंडळीचे घटक होते, बाहेरून मजुरीवर आणलेली माणसे नव्हती.

आता आजच्या वृत्तपत्रातील नाटकाची जाहिरात पाहावी. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार, संगीतकार, निर्माता, सादरकर्ता, सूत्रधार आणि मग नटनट्यांची नावे, त्यांतही प्रमुख नटाचे नाव ठळक टाइपात. नेपथ्य ज्याने कल्पिले त्याचे नाव जाहिरातीत असते, याबद्दल आनंदच आहे. पु. श्री. काळे यांच्या पडद्यांपासून दामू केंकरे, रघुवीर तळाशीलकर, मोहन वाघ, बाबा पार्सेकर यांच्या नेपथ्यापर्यंत ही मान्यता मिळवावयास या कलेला बराच काळ लागला. परंतु ते नेपथ्य टेम्पोतून उतरवून दीड-दोन तासांत उभे करणारा, प्रयोग संपताच उतरवून पुन्हा टेम्पोत भरणारा जो मनुष्य, त्याचे नाव क्वचितच कोठे छापले जाते. प्रस्तुत लेखाचा विषय तो आहे.

ज्यांनी नाट्यगृहाची केवळ पुढची बाजू पाहिली आहे, त्यांना या कामाची कल्पना येणे कठीण. शनिवार-रविवारी एका नाटकाचे दोन प्रयोग दोन ठिकाणी असणे ही मुंबईत नित्याची गोष्ट आहे. दुपारचा प्रयोग दादरला, रात्रीचा ठाण्याला. दादरचा पडदा पडतो, प्रेक्षक अजून जिन्यात असतात, नटाभोवती स्वाक्षऱ्यांसाठी गर्दी जमत असते, आणि आत मात्र पाच-सात माणसे फ्लॅटच्या दोऱ्या सोडू लागलेली असतात. ज्या दिवाणखान्यात क्षणापूर्वी एक कुटुंब उद्ध्वस्त झाले, त्या दिवाणखान्याच्या भिंती एकेक करून आडव्या होतात. सोफा उलटा करून त्याच्या पोटात उशा कोंबल्या जातात. कपबश्या, चष्मा, टेलिफोन, पत्रांचा गठ्ठा हे सामान मोजून पेटीत जाते, कारण ठाण्याला दुसऱ्या अंकात ते पत्र सापडले नाही तर नाटक पुढे सरकणार नाही. इस्त्रीवाला घामाने भिजलेली वस्त्रे वाळवीत असतो. नाट्यगृहाचे सत्र संपण्याच्या आत रंगमंच मोकळा करावयाचा, कारण दुसऱ्या नाटकाचा टेम्पो मागच्या दाराशी येऊन उभा असतो. मग रहदारीतून ठाणे गाठावयाचे आणि तेच सारे उलट्या क्रमाने करावयाचे. प्रत्येक नाट्यगृहाच्या रंगमंचाची रुंदी, खोली, विंगांमधली जागा निराळी. एका ठिकाणी बसणारे नेपथ्य दुसऱ्या ठिकाणी दोन फूट जास्त होते, मग कोणता फ्लॅट गाळावयाचा आणि तरी दार कोठे ठेवावयाचे, हा निर्णय तेथल्या तेथे घ्यावा लागतो. तो निर्णय बहुधा नेपथ्यकार घेत नाही, कारण तो तेथे नसतो.

प्रयोग सुरू झाल्यावर या माणसाचे काम संपत नाही. दोन प्रवेशांच्या मध्ये जो काही सेकंदांचा अंधार होतो, त्यात प्रेक्षक खोकून घेतो, शेजाऱ्याशी बोलतो, घड्याळ पाहतो. तेवढ्या वेळात काळ्या कपड्यांतील माणसे अनवाणी रंगमंचावर येतात, टेबल उचलतात, पलंग सरकवतात, पाण्याचा पेला ठरल्या खुणेवर ठेवतात आणि निघून जातात. त्या अंधारात त्यांना ठेच लागता कामा नये, एकमेकांवर आदळता कामा नये, आणि खुणेचा एक इंचही चुकता कामा नये, कारण दिवा लागेल तो नेमका त्या खुणेवर लागणार आहे. हे काम उत्तम झाले याची खूण अशी की, ते झाल्याचे कोणाच्या लक्षातच येत नाही. चुकले तर मात्र सर्व प्रेक्षागृह हसते. चुकीलाच दाद मिळावी, असा दुसरा व्यवसाय शोधूनच काढावा लागेल.

आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ मध्ये रंगभूमीवर आले. प्रभाकर पणशीकरांनी त्यातील लखोबा लोखंडे आणि त्याची इतर रूपे कित्येक वर्षे गाजविली. तो पराक्रम निःसंशय त्यांचाच. परंतु एकच नट क्षणात एका वेषातून दुसऱ्या वेषात जाऊन समोर उभा राहतो, तेव्हा विंगेत काय घडलेले असते? एकाने टोपी काढलेली असते, दुसऱ्याने कोटाच्या बाह्या समोर धरलेल्या असतात, कोणाच्या हातात आरसा तर कोणाच्या हातात मिशी. त्यातील एकाचा हात जरी मागे राहिला तरी खटला तेथेच निकालात निघावयाचा. या नाटकाचा फिरता रंगमंच हा त्या काळी मराठी प्रेक्षकांच्या कौतुकाचा विषय होता. तो गावोगाव नेऊन जोडणारे, फिरविणारे आणि रात्री पुन्हा सोडविणारे हात किती होते, याची नोंद मात्र नाटकाच्या इतिहासात आढळत नाही.

बंगाली रंगभूमीवरील एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. उत्पल दत्त यांचे ‘अंगार’ हे कोळसा-खाणीतील कामगारांवरील नाटक १९५९ मध्ये कलकत्त्याच्या मिनर्व्हा नाट्यगृहात झाले. खाणीत अडकलेल्या मजुरांच्या अंगावर पाणी चढत जाते, हे दृश्य तापस सेन यांनी केवळ प्रकाशाच्या योजनेने उभे केले आणि त्याची ख्याती देशभर झाली. अंधारात काम करणाऱ्या माणसांची कथा रंगमंचावर मांडली जात होती आणि तिच्यासाठी दुसरी माणसे अंधारातच राबत होती. हा विरोधाभास त्या नाटकापुरता नाही. श्रमिकांच्या व्यथेवर आपल्याकडेही उत्तम नाटके झाली. त्यांच्या प्रयोगाचा टेम्पो भरणाऱ्याची व्यथा मात्र नाटकाचा विषय झाली नाही.

येथवर जे लिहिले ते कौतुकाचे झाले. कौतुकाने पोट भरत नाही. खरा प्रश्न हिशेबाचा आहे.

संगीत नाटकांच्या काळी नाटक मंडळी ही एक संस्था असे. नटांबरोबर पडदेवाले, सुतार, रंगारी, कपडेपट सांभाळणारे, आचारी हे सर्व कंपनीच्या बिऱ्हाडी राहत. मासिक पगार असे, जेवण असे, आणि पावसाळ्यात खेळ थांबले तरी मुक्काम हलेपर्यंत डोक्यावर छप्पर असे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. त्या पंगतीत पंक्तिप्रपंच नव्हता असे कोणी समजू नये. पगार थकत, कंपन्या कर्जात बुडत, आणि बुडताना त्या सर्वांत आधी शेवटच्या माणसाला बुडवीत. तरीसुद्धा तो माणूस कोणाचा तरी माणूस होता. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि त्या दशकात एकामागून एक मंडळ्या मोडल्या. पुढे रंगभूमी सावरली, पण ती निराळ्या पायावर. नटालाही आता महिन्याचा पगार राहिला नाही. प्रयोगाचे पैसे, ज्याला धंद्यात ‘नाइट’ म्हणतात, ते मिळू लागले. पडद्यामागच्या माणसालाही तोच न्याय लागू झाला. प्रयोग झाला तर नाइट, नाही झाला तर काही नाही.

वरवर पाहता ही समता दिसते. परंतु नामवंत नटाला नाटकाखेरीज चित्रपट आहे, दूरचित्रवाणीवरील मालिका आहे, जाहिरात आहे. त्याला चित्रीकरण लागले म्हणून प्रयोग रद्द होतो, तेव्हा त्याचे उत्पन्न एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते; विंगेतल्या माणसाचे बुडते. त्याची तारीख घेऊन, ती सोडून देऊन, कोणी त्याला भरपाई देत नाही. परीक्षांचा हंगाम, निवडणुकांच्या सभा, नाट्यगृहाची लांबलेली दुरुस्ती, हे सारे त्याच्या संसाराचे दुष्काळ आहेत. आणि यांपैकी एकाही दुष्काळाची आणेवारी जाहीर होत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे नाट्यगृहे बंद झाली, तेव्हा ही गोष्ट सर्वांच्या डोळ्यांसमोर आली. त्या वर्षाच्या ५ नोव्हेंबरला, म्हणजे नेमक्या रंगभूमी दिनीच, निम्म्या प्रेक्षकसंख्येने नाट्यगृहे उघडण्यास राज्यात परवानगी मिळाली. २०२१ च्या एप्रिलमध्ये दारे पुन्हा लागली आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंत उघडली नाहीत. या काळात नाट्य परिषदेने, काही संस्थांनी आणि कित्येक कलावंतांनी पडद्यामागच्या लोकांना धान्य व पैसे पोचविले. त्यांच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु वीस-पंचवीस वर्षे एकाच व्यवसायात राबलेल्या कुशल माणसाला पहिल्या दोन महिन्यांत धान्याच्या पिशवीची वाट पाहावी लागली, याचा अर्थ काय? या व्यवसायाच्या जमाखर्चात त्याच्या नावाचे खातेच कधी उघडले गेले नव्हते, हाच त्याचा अर्थ होय. भविष्यनिर्वाह निधी, आजारपणाची तरतूद, अपघाताची भरपाई, हे शब्द कचेरीत काम करणाऱ्या वाचकाला कंटाळवाणे वाटावेत इतके परिचयाचे आहेत. विंगेत ते परके आहेत. उंच शिडीवर चढून दिवे बांधणारा घसरला तर त्या रात्री सर्वजण धावतात. महिन्याने कोण धावते ते त्याच्या घरच्यांनी सांगावे.

यावर निर्मात्यांचे म्हणणे असते आणि ते ऐकून घेतले पाहिजे. नाट्यगृहाचे भाडे, जाहिरातीचे दर, टेम्पोचे डिझेल, नटांच्या नाइटा, हे सर्व वजा जाता पुष्कळ प्रयोगांत निर्मात्याच्या हाती काही उरत नाही. अनेक नाटके पंचवीस प्रयोगांतच मिटतात. ज्याच्या स्वतःच्याच उत्पन्नाचा भरवसा नाही, त्याने दुसऱ्याला निवृत्तिवेतन कोठून द्यावे? शिवाय पडद्यामागचा माणूस एका निर्मात्याकडे बांधलेला नसतो. आज या नाटकावर, उद्या त्या. मग त्याचा मालक कोण म्हणावयाचा?

हा युक्तिवाद सबळ आहे, पण नवा नाही. ज्याला अनेक मालक आहेत त्याला मालकच नाही, ही अडचण महाराष्ट्राने पूर्वी एकदा सोडविलेली आहे. बाजारातला माथाडी कामगार सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उचलतो, दुपारी दुसऱ्याची. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चळवळीमुळे १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. व्यापारी, कामगार आणि शासन यांच्या प्रतिनिधींची मंडळे स्थापन झाली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक टक्क्यांचा अधिभार मंडळाकडे भरावयाचा. मंडळाने कामगाराला मजुरी द्यावयाची आणि अधिभारातून निधी, उपदान, रजा, औषधोपचार यांची सोय करावयाची. मालक कितीही बदलोत, खाते एकच. हीच पद्धत १९८१ मध्ये खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी राज्याने स्वीकारली. त्याच वर्षी संसदेने चित्रपट-कामगारांच्या कल्याणनिधीचा कायदा केला. नाटकाचा कामगार यांपैकी कोणत्याही छत्राखाली आला नाही. आपल्याकडे कामगार कल्याण मंडळ कामगारांची नाट्यस्पर्धा मोठ्या हौसेने भरविते; नाटकाच्या कामगारासाठी मात्र असे मंडळ नाही!

माथाडी मंडळांत सर्व आलबेल आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. बनावट नोंदी आणि दादागिरीच्या तक्रारी तेथेही झाल्या आहेत. परंतु रंगभूमीची स्थिती एका बाबतीत बाजारापेक्षा सोपी आहे. येथे प्रत्येक प्रयोगाची तारीख आणि वेळ आधीपासून नोंदलेली असते, आणि मोठ्या शहरांतील बहुतेक नाट्यगृहे महानगरपालिकांच्या, शासनाच्या अथवा न्यासांच्या मालकीची आहेत. भाड्याच्या पावतीबरोबरच प्रयोगावरील अधिभाराची पावती फाडता येईल. प्रयोगाला आलेल्या कामगारांच्या नावांची यादी व्यवस्थापकाने तेथेच द्यावी, म्हणजे कोणत्या दिवशी कोण राबले याची नोंद आपोआप होईल. प्रत्येक तिकिटामागे काही रुपये इतकाच हा भार असेल. तो निर्मात्याने सोसावा की प्रेक्षकाने, यावर वाद होऊ शकतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो प्रेक्षकाने सोसावा. मध्यंतरात वडा आणि चहा यांवर आपण जो खर्च करतो, त्याहून तो अधिक होणार नाही.

शासनाचाही यात हात आहे. नव्या व्यावसायिक नाटकांना श्रेणी देऊन प्रयोगागणिक अर्थसाहाय्य देण्याची राज्याची योजना आहे. ती देताना संहिता, सादरीकरण यांचे परीक्षण होते. त्या परीक्षणाबरोबर, या नाटकावर काम करणाऱ्यांचा विमा उतरविला आहे काय, त्यांची नाइट वेळेवर मिळते काय, हा प्रश्न विचारण्यास कोणती हरकत आहे? वृद्ध साहित्यिक व कलावंतांना शासन मानधन देते. त्यात पडद्यामागच्या माणसाची वर्णी लागली तरी ते निवडीने मिळणारे साहाय्य असते, कमावलेला हक्क नसतो. शिवाय त्यासाठी आधी म्हातारे व्हावे लागते.

ब्रॉडवेवरील एक दाखला देण्याचा मोह होतो. न्यूयॉर्कच्या रंगमंच-कामगारांनी २००७ च्या नोव्हेंबरमध्ये एकोणीस दिवस काम बंद ठेवले आणि ब्रॉडवेवरील बहुतेक नाट्यगृहे अंधारात गेली. नट तयार होते, तिकिटे विकली गेली होती, पण पडदा वर गेला नाही. आपल्याकडे असा संप व्हावा अशी कोणाचीच इच्छा नाही, आणि तो होण्याचा संभवही कमी. ज्याची आठवड्याची कमाई दोन-तीन नाइटांवर अवलंबून आहे तो एकोणीस दिवस काय खाणार? तेथील कामगार एकोणीस दिवस टिकू शकला, कारण त्याची संघटना १८९३ पासून उभी होती.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. हे कसब शिकविले जात नाही. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठातील ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठातील नाट्यविभाग येथे नेपथ्याची आणि प्रकाशाची रचना शिकविली जाते. ती शिकून रचनाकार बाहेर पडतो. पण फ्लॅट कसा बांधला म्हणजे दार आपटल्यावर भिंत हलत नाही, हे ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात जाते. ज्येष्ठांनंतर तो दुसरा हात येईनासा झाला आहे. कोणता बाप आपल्या मुलाला या धंद्यात घालील? साथीच्या काळात जे रिक्षा चालवू लागले, भाजी विकू लागले, त्यांतील काही परत फिरले नाहीत. त्यांच्याबरोबर वीस वर्षांचे शिक्षण गेले आणि ते कोणत्याही अभ्यासक्रमात लिहून ठेवलेले नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. शाहू महाराजांच्या काळात उभी राहिलेली, १९१५ पासूनची ती वास्तू. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. कोल्हापूरकर रस्त्यात उभे राहून रडले आणि पुनर्बांधणीची घोषणा झाली. नवी खुर्ची कशी असावी, दर्शनी भाग जुन्यासारखाच व्हावा की नाही, यावर पुष्कळ बोलले गेले. ते बोलणे आवश्यकच आहे. परंतु कोल्हापुरात असो वा अन्यत्र, नाट्यगृह बांधताना मागच्या निम्म्या भागाचा आराखडा त्या भागात काम करणाऱ्यांसमोर एकदा तरी ठेवला जावा. सामान आत घेण्याचे दार टेम्पोच्या पाठीइतके उंच आणि फ्लॅट आडवा न करता आत येईल इतके रुंद आहे काय? दिवे टांगण्याच्या नळ्या खाली उतरविता येतात, की माणसाने शिडीवरच चढावयाचे? आग लागली तर विंगेतून बाहेर पडण्याचा मार्ग कोणता? रात्री साडेबाराला सामान भरून झाल्यावर, पहाटे निघणाऱ्या गाडीपर्यंत त्या सहा-सात जणांनी पाठ कोठे टेकावयाची? आज ते रंगमंचावरच, उतरविलेल्या पडद्याच्या घडीवर झोपतात.